आत्यांनी गोडं म्हटलेलं कोकोपीट

जगात पायपुसणं चाखून पाहिलेली माणसं किती असतील मला माहीत नाही, पण जितकी असतील त्या सगळ्यांत माझ्या बायकोच्या आत्यांचा शब्द शेवटचा मानावा लागेल. पायपुसणं म्हणजे अगदी दारातलं नव्हे. नारळाचं सोडण, म्हणजे वरची जाड साल, कुजवून त्यातून काथ्या काढतात आणि त्याची पायपुसणी होतात. काथ्या निघाल्यावर जो तपकिरी भुसा उरतो ते कोकोपीट. हल्ली ते दाबून त्याच्या विटा करतात आणि ज्यांच्याकडे माती नाही अशी माणसं त्यात झाडं लावतात. बाकीचं जग ही वीट विकत आणतं, पाण्यात टाकतं, फुगली की कुंडीत भरतं आणि विसरून जातं. आत्या तिची परीक्षा घेतात. मी जावई म्हणून त्या घराण्यात शिरलो तेव्हा माझीही घेतली होती, पण ती एवढी कसून घेतल्याचं आठवत नाही.

आत्या रत्नागिरीत एकट्या राहतात. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, ट्रंक कॉल जोडून देण्याची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणतात, "दिवसभर लोकांचे संसार कानावर पडायचे, तेवढे पुरले." निवृत्त होताना त्यांनी गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, छोटं घर बांधलं. तिथे जाईचा वेल लावायला म्हणून खड्डा खणायला घेतला तर पहिल्याच घावाला पहार टणकन उडाली, कारण खाली अखंड जांभा. शेजारीपाजारी असाच कातळ फोडून, बाहेरून माती आणून, त्यात कलमं लावतात आणि ती जगतातही, पण आत्यांना तो मार्ग पटला नाही. "देवाला इथे माती द्यायची नव्हती, तर आपण का चोरून आणायची?" असं म्हणून त्या जिना चढून गच्चीवर गेल्या. आज त्या गच्चीवर रंगाचे डबे, फुटके टब, जुनी बेसिनं आणि एक निकामी कुकर यांत अबोली, मोगरा, मिरच्या, वांगी आणि ओवा अशी सगळी मंडळी निव्वळ कोकोपीटवर सुखाने नांदत आहेत. मोगऱ्याच्या वाट्याला कुकर आलाय. का, ते विचारायची सोय नाही.

परीक्षेची सुरुवात कानापासून होते. वीट घमेल्यात ठेवायची, वरून पाणी ओतायचं आणि घमेल्याशी कान नेऊन बसायचं. ट्रंक कॉलच्या दिवसांत पलीकडचा माणूस खरं बोलतोय की खोटं हे त्यांना नुसत्या श्वासावरून कळायचं म्हणे, तोच कान आता विटेला लागलेला असतो. चांगली वीट एका लयीत पीत राहते. वाईट वीट आधी हावरटासारखी फुसफुसते आणि मग गप्प बसते, म्हणजे आत कोरडीच. एकदा मी बाग दाखवायला आणलेले ऑफिसातले साहेब, आत्या गच्चीवर घमेल्याजवळ कान लावून आडव्या झालेल्या पाहून, "डॉक्टरांना बोलावू का?" असं कुजबुजले होते. आत्यांनी नुसता हात वर करून त्यांना गप्प केलं. साहेब गप्प झाले आणि चहा न घेता गेले.

कानानंतर मूठ. फुगलेलं कोकोपीट मुठीत घेऊन दाबायचं, बोटांमधून चार थेंब यावेत, धार लागू नये. मग मूठ उघडायची. गोळा राहिला पाहिजे, पण बोट लावताच सुटला पाहिजे. "मुठीत असेपर्यंत ऐकलं पाहिजे आणि सोडल्यावर विसरलं पाहिजे," हे आत्यांचं सूत्र. मूठ झाली की नाक. आंबूस वास आला तर माल कच्चा, माळ्यावरच्या सुक्या खोबऱ्याची आठवण झाली तर पक्का. आणि हे सगळे सोपस्कार पार पडले की शेवटी जीभ, कारण खरा प्रश्न मिठाचा. सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवलेली असली आणि नंतर गोड्या पाण्यात नीट धुतलेली नसली की मीठ आत दडून राहतं, आणि पंधरवड्याने रोपांच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात. ते मीठ रंगात दिसत नाही, वासाला येत नाही. म्हणून आत्या चहाच्या आधी, तोंड धुऊन, डोळे मिटून, चिमूटभर कोकोपीट जिभेच्या शेंड्यावर ठेवायच्या. मग खारं की गोडं एवढा एकच शब्द यायचा. गोडं म्हणजे साखरेचं नव्हे. विहिरीचं पाणी जसं गोडं असतं तसं. चाखून झालेलं त्या शेजाऱ्यांनी दिलेल्या निवडुंगाच्या कुंडीत थुंकायच्या. निवडुंग अजून आहे.

एका कृषी प्रदर्शनात टाय लावलेला एक उत्साही तरुण कोकोपीटच्या विटा मांडून उभा होता. आत्यांनी नमुन्याच्या ताटलीतली चिमूट तोंडात टाकली तेव्हा त्याचा चेहरा पडला. "काकू, ते खायचं नसतं," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे. झाडाने खायचंय. तू स्वतः चाखलायस का कधी?"

"नाही... पण आमच्याकडे सर्टिफिकेट आहे."

"सर्टिफिकेट कुंडीत घालू?"

शेवटी त्या पोराला चारचौघांत चिमूट तोंडात टाकावी लागली. त्याने नंतर पाण्याची अख्खी बाटली संपवली आणि त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या पाच-सहा बागायतदारांनीही, आत्यांनी सांगितलं म्हणून, आळीपाळीने तो माल चाखला. भले भले लोक टोप्या सांभाळत भुसा चघळतायत, असं दृश्य मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. आत्या मात्र पुढच्या, लोणच्याच्या स्टॉलवर गेल्या होत्या आणि तिथे काहीही न चाखता परत फिरल्या.

पुढे पुढे त्यांना माणसंही कोकोपीटसारखी दिसू लागली. समोरचे वकील "नुसते फुगतात, हाताला वजन नाही." माझी बायको, म्हणजे त्यांची सख्खी भाची, "माल चांगला, पण धागा जास्त, कशातून काही पटकन सुटत नाही." मी एकदा सासरच्या एका लग्नात मानपानावरून रुसून दोन दिवस अबोला धरला होता, तेव्हा माझ्याबद्दल निकाल लागला: "पाणी धरतो. निचरा नाही." हा निकाल बायकोने सगळ्या नातेवाईकांत पोचवला आणि तो आजतागायत कुणी फिरवलेला नाही. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा आत्यांनी शांतपणे विचारलं, "कोकोपीटमधलं धरून की सोडून?" डॉक्टरांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला आणि मग घाईघाईने आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या.

या सगळ्याला एकच अपवाद होता, तुळस. तुळशीच्या कुंडीत जायचं कोकोपीट आत्या चाखत नसत. त्या काही देवभोळ्या नव्हेत. देवाला त्या आठवड्यातून एकदा, तेही धूळ झटकायला, भेटतात. पण त्यांचं बालपण केळशीला गेलं, आणि त्या घरात नैवेद्याचा स्वयंपाक करताना चाखून बघायची पद्धत नव्हती. देवाच्या आधी जेवायचं कसं? मीठ अंदाजानेच पडायचं. आणि नैवेद्य दाखवलेल्या अन्नाला जेवणाऱ्याने नावं ठेवायची नाहीत, हा त्याचाच दुसरा अर्धा नियम. आत्या परकरातल्या असताना एका गणपतीत त्यांनी आमटीत मीठ दोनदा घातलं. पंगतीतलं एकही माणूस बोललं नाही. पाण्याचे तांबे तेवढे भराभर रिकामे झाले. आजोबांनी तर पुन्हा वाटी पुढे करून आमटी मागून घेतली. "माझं तोंड पडलेलं दिसलं असणार त्यांना," असं आत्या ही हकिकत सांगताना म्हणायच्या आणि पोट धरून हसायच्या. तर तुळशीचं कोकोपीट नैवेद्यासारखं, उष्टं करायचं नाही, एवढा एक धर्म त्या पाळत. तिथे नाकावर भागवायचं.

आत्यांच्या जिभेची खरी कदर केली ती हनीफभाईंनी. हनीफभाई मूळचे पूर्णगडकडचे, बरीच वर्षं आखातात होते. तिथे वाळूत मोठमोठ्या बागा उभ्या करायचं काम केलं आणि परत येऊन पालीच्या रस्त्याला नर्सरी घातली. पाऊस जवळ आला की तालुक्यातली निम्मी मिरचीची आणि वांग्याची रोपं तिथून जातात. त्यांच्याकडे मीठ मोजायचं यंत्र आहे, पेनासारखं, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवणारं. ओळख झाली तेव्हा त्यांनी अभिमानाने ते आत्यांना दाखवलं. आत्यांनी एका ढिगातली चिमूट चाखून "खारं" म्हटलं, यंत्राने चांगलं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की यंत्राची बॅटरी उतरली होती. तेव्हापासून नवा माल आला की हनीफभाई आधी फोन करत. "आत्या, जरा येऊन जाता काय? तुमी बोलल्याशिवाय मी उतरवत नाय." आत्या इस्त्रीची साडी नेसून, चहा न घेता, माझ्या गाडीवरून जात. फोन ठेवताना त्यांचा आवाज मी ऐकलाय. नोकरीत बढती मिळाली तेव्हाही तो तसा झाला नसेल. वर्षभर भेटायला येणारी माणसं पुष्कळ होती, पण ज्याला आत्यांची गरज होती असा माणूस हा एकच होता.

मागच्या थंडीत आत्यांना ताप आला. आठवड्याने उतरला, त्या उठल्या, गच्चीवर गेल्या, सगळं पूर्ववत झालं. फक्त एक फरक पडला. त्यांनी कोकोपीट चाखणं सोडून दिलं. मी नवी वीट घेऊन गेलो तर नुसती हुंगून म्हणाल्या, "ठीक आहे." मी म्हटलं, चाखलं नाहीत? तर म्हणाल्या, "देव काय फक्त तुळशीतच असतो? वांग्यात नाही? उष्टं करायचं नाही म्हणजे कुणाचंच करायचं नाही." उतारवयात माणसं देवाकडे वळतात हे मी ऐकून होतो, पण वांग्याच्या बाजूने वळलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी ते कौतुकाने बायकोला सांगितलं. ती हसली नाही. तिला आदल्याच आठवड्यात आत्यांनी दिलेला चहा आठवला. त्यात साखरेच्या जागी मीठ होतं आणि आत्यांनी आपला कप शेवटपर्यंत संपवला होता.

आणि एप्रिलात हनीफभाईंचा फोन आला. खाडीकाठच्या एका काथ्यावाल्याने ट्रकभर सुटं कोकोपीट आणलं होतं. पावसाळ्याची सगळी रोपं त्यावरच करायची होती. मी आत्यांना म्हटलं, आज नको, ऊन फार आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने गाडी काढली.

ट्रक नर्सरीच्या फाटकाशी उभा होता. हनीफभाई, काथ्यावाला आणि दोन हमाल आत्यांची वाट बघत होते. आत्यांनी मूठ भरून घेतली, दाबली, उघडली, बोट लावलं. गोळा छान सुटला. मग त्यांनी तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मी ट्रकच्या मागच्या बाजूला होतो. काय वाटलं कुणास ठाऊक, मी एक चिमूट उचलून जिभेवर ठेवली. सुकट खाल्ल्यासारखं वाटलं. माझ्यासारख्या, मानपानापलीकडे कशाची चव न कळणाऱ्या माणसालाही ते मीठ कळलं.

"आत्या, चाखत नाय?" हनीफभाईंनी विचारलं.

"हल्ली मी उष्टं करत नाही कुणाचं," आत्या म्हणाल्या. त्यांनी हात झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला. "गोडं आहे. घे."

हनीफभाईंच्या खिशाला ते यंत्र अडकवलेलं होतं. त्यांनी आत्यांच्या येण्याआधी ते वापरून काथ्यावाल्याला आकडा दाखवलेला असणार, कारण आत्यांचा निकाल ऐकून तो स्वतःच चमकला. हनीफभाई आत्यांकडे क्षणभर बघत राहिले. मग हमालांना म्हणाले, "उतरवा."

मी आत्यांना घरी सोडलं. वाटेत त्या नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या. त्यांची छत्री नर्सरीत राहिली होती म्हणून मी संध्याकाळी परत गेलो, तर हनीफभाई लुंगी वर खोचून, हातात पाइप घेऊन, त्या ढिगावर पाणी सोडत होते. खालून चहाच्या रंगाचं पाणी जांभ्याच्या पायऱ्यांवरून वाहत होतं. एप्रिलात त्या बाजूच्या विहिरी तळाला जातात, माणसं हंड्याला जपतात. मी म्हटलं, "भाई, तुम्हाला माहीत होतं ना खारं आहे ते? परत पाठवायचं होतं."

"कसं पाठवनार? आत्या बोलल्या ना गोडं." त्यांनी पाइप दुसऱ्या बाजूला फिरवला. "आता त्या बोलल्या म्हंजे ते गोडं असायलाच पायजे. होईस्तोवर धुतोय."

मी छत्री घेतली. हे आत्यांना सांगू नका, असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्या खेपेला नर्सरीत रोपं फार सुंदर आली. एकाही पानाची कड जळली नव्हती. मे महिन्यात आत्या ती बघायला गेल्या, वाफ्यांमधून हिंडल्या, एका मिरचीच्या रोपाला उगाच थोपटलं आणि निघताना पायऱ्यांवर थांबल्या. जांभ्याचा लाल दगड मधोमध काळपट तपकिरी झाला होता. त्या त्याकडे बघत होत्या आणि हनीफभाई त्यांना घाईघाईने सरबत देत होते.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी मला एकट्यालाच जेवायला बोलावलं. बायको कामावर होती. मी पाट घेऊन बसलो तर समोर देव्हाऱ्यात नैवेद्याची वाटी, वर तुळशीचं पान. सण नव्हता, वार नव्हता. पहिला घास घेतला आणि मला सगळा प्रकार कळला. आमटी खारट नव्हती, तिच्यात मिठाशिवाय दुसरं काही नव्हतं. आत्या समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नैवेद्य दाखवलाय," त्या म्हणाल्या, "तेव्हा तू काही बोलायचं नाहीस."

मी पाणी प्यायलो.

"त्या पायऱ्या बघितल्यास?"

"हो."

"केवढं पाणी घातलंन असेल रे त्याने. एप्रिलात." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "तापानंतर काही कळतच नाही बघ. ना जिभेला, ना नाकाला. मीठ पण लागत नाही नि साखर पण. मला वाटलं, येईल परत. नाही आलं."

"हनीफभाईंना सांगायचं ना, आत्या. ते काय परके आहेत?"

"सांगितलं तर तो फोन करेल का मला?"

मी सहसा असल्या गोष्टींपासून चार हात लांब राहणारा माणूस आहे, पण त्या वेळी मला आत्यांबद्दल फार वाईट वाटलं, आणि त्यांच्यावर माझा किती जीव आहे हेही तेव्हाच कळलं. डोळ्यांत पाणी आलं. आमटीने आलं असं म्हणता आलं असतं, आणि मी तसं म्हणणारच होतो, पण आत्यांनी ते आधीच पाहिलं होतं.

"अरे, तुझा निचरा होतो की," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मग जणू आत्ताच सुचलं अशा सुरात म्हणाल्या, "तू एक काम कर. हनीफला सांग, यापुढे माल आला की आधी धुवायचा आणि मग मला बोलवायचं. मी येईन, मूठ दाबून बघेन, कान लावेन. मग गोडं म्हणेन. म्हणजे मी म्हटलं की ते गोडंच असेल."

"सांगतो."

"नीट सांगशील ना? त्याला वाईट वाटता नये."

मी मान डोलावली. दाराबाहेरच घमेल्यात एक वीट भिजत घातलेली होती. कुणीही कान लावलेला नसताना ती तिच्या लयीत पाणी पीत होती, आणि त्या शांततेत मलाही ते ऐकू येत होतं. आत्या अजून माझ्या ताटाकडे बघत होत्या. मी रिकामी वाटी पुढे केली आणि आणखी आमटी मागितली.